अक्षरांच्या घरांतली रोपं

जुळारी रोपं छान करायचा. ती हलवायची कधी, हे मात्र त्याला उभ्या जन्मात कळलं नाही. ते त्याची बायको सांगायची.

जुळारी हे त्याचं नाव नव्हे, धंदा. छापखान्यात शिशाचे टाइप एकेक उचलून तो ओळी जुळवायचा. छापखाना बंद होऊन वीस वर्षं झाली. बोटांवरचा काळेपणा गेला, नाव तेवढं चिकटून राहिलं. बायकोही तिथलीच. छापून झालेला मजकूर मोडायचा आणि एकेक टाइप ज्याच्या त्याच्या घरात परत टाकायचा, हे तिचं काम. म्हणून ती परतबाई. तो जुळवायचा, ती सोडवायची. लग्न झालं तेव्हा छापखान्यातल्या लोकांनी दोघांना मिळून एकच नाव दिलं, जोडाक्षर.

टाइप ज्या लाकडी पेटीत असतात तिला केस म्हणतात. डोक्यावरचे केस नव्हेत, आणि कोर्टातली तर नव्हेच. टेबलाच्या खणासारखी उथळ पेटी. आत पट्ट्या ठोकून केलेली लहानमोठी घरं. एका घरात सगळे क, शेजारच्यात सगळे त. ज्या अक्षराला काम जास्त, त्याचं घर मोठं आणि हाताजवळ. काना सगळ्यात श्रीमंत. ङ बिचारा कोपऱ्यात, वर्षातून एकदा कोणी हाक मारली तर. घरांवर नावं लिहिलेली नसतात. हाताला माहीत असतात.

परतबाई शाळेत गेली नव्हती. अक्षरं तिला छापखान्यातच भेटली. शिशाची, आरशात दिसावीत तशी उलटी, चिमटीत मावणारी. आधी तिला नुसत्या जागा शिकवल्या. असा दिसणारा तुकडा इथे टाकायचा, तसा दिसणारा तिथे. महिन्याभरात ती न बघता टाकायला लागली. वर्षभरात तिच्या लक्षात आलं, हे तुकडे काहीतरी बोलतात. पुढे रस्त्यावरच्या पाट्याही ती वाचायची, पण अडखळत. जगाची सुलटी अक्षरं तिला उलटी वाटायची. पेन तिने सहीपुरतंच धरलं.

त्या दोघांचं पहिलं बोलणं म्हणजे भांडण होतं. एक माणूस आई गेल्याची चार ओळींची सूचना छापायला आला. लिहून आणली नव्हती. उभ्याउभ्या सांगितली, जुळाऱ्याने ऐकून जुळवली. तिसरी ओळ भरेना. 'आमची आई' एवढंच होतं. त्याने मध्ये 'प्रेमळ' टाकलं. ओळ भरली, कागद छापून गेले. दुसऱ्या दिवशी मजकूर मोडताना कोपऱ्यातून आवाज आला.

"हे 'प्रेमळ' त्या माणसाने सांगितलं नव्हतं."

जुळाऱ्याने मान वर केली. त्या मुलीचा आवाज तोवर कोणी धड ऐकलाही नव्हता.

"ओळ भरत नव्हती," तो म्हणाला.

"मग मोकळी जागा टाकायची. प्रेम कशाला टाकायचं?"

"आई होती त्याची. प्रेमळच असणार."

"त्याची होती. तुझी नव्हती."

सगळा छापखाना हसला. जुळारी कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. पण त्या दिवसानंतर कोणाच्याही मजकुरात त्याने स्वतःचं अक्षर घातलं नाही. ढळढळीत चूक दिसली तरी आधी विचारून यायचा, मग हात लावायचा. मालक वैतागायचे. जुळारी म्हणायचा, मजकूर आपला नसतो.

तिने त्याला पहिल्या दिवशी 'तू' म्हटलं ते कायमचं. लग्नानंतर सासूने टोकलं, नवऱ्याला अरेतुरे काय करतेस? ती म्हणाली, "चार वर्षं तू म्हटलंय. आता एका दिवसात अहो कुठून जुळवू?" सासूने हात टेकले.

छापखान्यात कॉम्प्युटर आले तेव्हा केसा सरपणात निघाल्या. जुळारी एक घेऊन आला. दोन खोल्यांचं घर, तिसरा मजला, सकाळचं ऊन येणारी एकच खिडकी. तिथे ही दोन हात लांबीची पेटी बघून परतबाई म्हणाली, "आता हिच्यात काय भरायचं? मीठ-मिरची?" त्याने प्रत्येक घराच्या बुडाला बारीक भोक पाडलं, लाकडाला मेण चोळलं, चाळलेली माती आणि कुजलेल्या पानांचं खत भरलं, आणि फुलांचं बी पेरलं.

"झ मध्ये झिनिया," ती म्हणाली. "प मध्ये पिटुनिया. आणि ङ मध्ये काय लावणार? कपाळ?"

"लावतो की. उगवलं तर तुझ्यासारखंच निघेल. कोपऱ्यात बसून बोलणारं."

रोपं त्याच्या हाताला यायची. बी कितपत झाकावं, पाणी वरून न घालता खालून कसं प्यायला द्यावं, दमट दिवसांत रोपं बुंध्यात कोलमडू नयेत म्हणून खिडकी कधी उघडावी, यात तो डोळ्यांत तेल घालून असायचा. अडायचं ते पुढेच. जमिनीतून वर येणारी पहिली दोन पानं खरी नसतात. ती बियातली शिदोरी. मग येतात ती खरी पानं. खऱ्या पानांच्या दोन जोड्या आल्या की रोप मोठ्या जागेत लावायचं, असं सगळे सांगतात. जुळाऱ्याला दोन जोड्या दिसायच्या आणि तरी धीर व्हायचा नाही. अजून कोवळी आहेत. उद्या बघू. परवा ऊन फार आहे. तोवर मुळं घरातल्या घरात गोल फिरायला लागायची आणि देठ उजेडाकडे मान ताणून लांबुळके व्हायचे.

परतबाई पानं मोजायची नाही. ती यायची, कमरेवर हात ठेवून केसकडे बघायची. "पानं शेजाऱ्याच्या घरात डोकवायला लागली," म्हणायची. मग एक रोप पानाला धरून अलगद उचलून बघायची. देठाला कधी हात नाही. पान तुटलं तर दुसरं येतं, देठ चिरडला की संपलं. माती मुळाला धरून वर आली की ती एकच शब्द बोलायची.

"हलव."

आणि त्या संध्याकाळी रोपं हलायची. रंगाच्या रिकाम्या डब्यांतून, फुटक्या बादल्यांतून जिन्याच्या पायऱ्यांवर जाऊन बसायची. तळमजल्यापासून वर येणाऱ्या माणसाला तीन मजले फुलांची सोबत असायची. वीस वर्षांत तिचा शब्द चुकला नाही, आणि त्याचा अंदाज कधी बरोबर आला नाही.

मागच्या थंडीत परतबाई भांडी घासताना खाली बसली ती उठली नाही. उजवं अंग गेलं. वाचा गेली. तोंडातून एकच आवाज यायचा, बाटलीत फुंकल्यासारखा. मान हलायची, पण तिला विचारून हलायची नाही. "पाणी हवंय?" मान हलली. "भूक लागलीय?" हलली. "तू राणी आहेस का?" तरी हलली. मुलाने मुळाक्षरांचा रंगीत तक्ता आणला. क कमळाचा, ख खटाऱ्याचा. तिच्यासमोर धरला. तिने बघितलं आणि डोळे मिटले. डॉक्टर म्हणाले, किती कळतं ते सांगता येत नाही. घरच्यांनी त्यातलं 'कळतं' गाळलं आणि 'नाही' तेवढं ठेवलं.

जुळाऱ्यानेसुद्धा.

घरी आणल्यावर तिची खाट खिडकीपाशी लावली. खिडकी तिच्या डाव्या हाताला आली. काहीतरी उगवताना तिला दिसावं एवढ्याच विचाराने त्याने केस खिडकीत ठेवून अ‍ॅस्टर पेरलं. दहाव्या दिवशी कोंब आले. तो रोज झारी घेऊन यायचा आणि सवयीने बोलायचा. "आली बघ. खोटी पानं आहेत अजून." मग, "पहिली खरी जोडी." मग, "दुसरी." मग नुसतंच, "उद्या बघू."

मुलगा दुसऱ्या गावाहून दर रविवारी यायचा. तोही एकच बोलायचा. "बाबा, आईला हलवू या."

शहराबाहेर एक शुश्रूषा केंद्र होतं. खाटा स्वच्छ होत्या, उचलायला माणसं होती. मुलगा दोनदा बघून आला होता.

"अजून नाही," जुळारी म्हणायचा.

"अजून म्हणजे कधी? तुम्ही सत्त्याहत्तर वर्षांचे आहात."

"मला माझं वय सांगू नकोस. तू जन्मलास तेव्हा मी होतो तिथे."

मग एक दिवस तो तिला खाटेवरून खुर्चीत घेताना पाठीत काहीतरी कटकन वाजलं. तो खाली बसला, ती त्याच्या अंगावर. तिला इजा झाली नाही. पण त्याला उठता येईना. दोघं जमिनीवर दोन तास होती. त्याने हाका मारल्या. खालच्या मजल्यावरच्या शिंपिणीचं मशीन चालू होतं, तिला ऐकू गेलं नाही. मशीन थांबलं तेव्हा ती धावत वर आली.

"अहो काका, हे काय वय आहे का कुस्ती खेळायचं?" ती म्हणाली, आणि मग रडली.

तेव्हापासून तो सदऱ्याखाली पाठीचा पट्टा बांधायचा. बायकोला दिसू नये म्हणून तिच्याकडे पाठ करून बांधायचा. म्हणजे ती नेमकं तेच बघायची. मुलगा फोनवर म्हणाला, "सोमवारी एक खाट रिकामी होतेय. मी हो म्हणून सांगितलंय." जुळाऱ्याने फोन ठेवला. तिला काय कळतंय, मुलगा म्हणत होता, कुठेही असली तरी तिला सारखंच. जुळाऱ्यालाही आतून तसंच वाटायचं. आणि तसं असेल तर तिला इथे कोणासाठी ठेवायचं?

त्या शुक्रवारी सकाळी तो पाव आणायला खाली गेला. परत आला तर तिच्या चादरीवर माती सांडलेली. अ‍ॅस्टरची तीन रोपं उपटून पडलेली. केसमधली तीन घरं उघडी.

"अगं काय हे!" तो ओरडला. "काय केलंस? सात आठवडे झाले मला! लहान पोर आहेस का तू?"

तिची मान हलली.

शिंपीण आवाज ऐकून वर आली. "नका रागवू काका. त्यांना कुठं कळतंय."

"मला कळतंय ना!" तो म्हणाला. पाठ वाकत नव्हती म्हणून गुडघ्यावर बसला आणि चादरीवरची माती गोळा करायला लागला. एक रोप हातात घेतलं. देठ शाबूत होता. एक पान तेवढं चुरगळलं होतं. दुसरं घेतलं. त्याचंही पानच. तिसऱ्याचंही. आणि तिन्हींच्या मुळांना माती गच्च धरून होती.

कोणीतरी ही रोपं पानाला धरून उचलली होती.

तो थांबला. शिंपीण काहीतरी म्हणत होती, ते त्याला ऐकू आलं नाही. पहिलं रोप तो उघड्या घरात परत ठेवायला गेला. हात घरापाशी पोचला, आणि पन्नास वर्षांची सवय असलेल्या हाताने डोळ्यांच्या आधी वाचलं.

"ह," तो म्हणाला.

दुसरं घर. "ल."

तिसरं.

त्याने मान वर करून बायकोकडे बघितलं. ती त्याच्याकडेच बघत होती. उजवा डोळा वाहत होता. तो रोजच वाहायचा, त्यावरून काही सांगता येत नव्हतं. पण जुळारी जमिनीवर बसून राहिला. तिच्यासमोर धरलेला तो तक्ता त्याला आठवला. क कमळाचा. तिला अक्षरं शाळेच्या रांगेत कधी भेटलीच नव्हती. तिच्यासाठी अक्षर म्हणजे चित्र नव्हतं, जागा होती. आणि ती जागा सात आठवडे तिच्या डाव्या हाताशी होती. तिच्यात माती भरलेली होती, आणि तो रोज तिच्यावर पाणी घालत होता.

"काका? बरं वाटत नाहीये का?"

"हलव," तो म्हणाला. "हलव म्हणतेय ती. रोपं हलव." आणि मग, अगदी हळू, "अगं, सात आठवडे? आणि मी..."

शिंपिणीने पदराने तोंड झाकलं.

त्याने बायकोला विचारलं, रोपं म्हणतेस ना? तिचा हात चादरीवर निपचित पडला होता. तेवढ्या तीन घरांनीच तो दमला होता. जुळाऱ्याने ते हो धरलं. मुलाला फोन केला. "आई बोलली," एवढंच म्हणाला. मुलगा म्हणाला, मी येतो.

दिवसभर तो रोपं हलवत होता. पाठ दुखत होती, कळत नव्हती. खालची शिंपीण डबे आणून देत होती. ज्या घरांत तीन-तीन रोपं दाटीने होती तिथे मुळं एकमेकांत अडकली होती, ती त्याने पाण्यात धरून सोडवली. प्रत्येक रोप तो खाटेपाशी नेऊन दाखवायचा. "हे न मधलं. हे काना मधलं, बघ कसं माजलंय." ऊन उतरल्यावर शेवटचा डबा जिन्यात ठेवला. केस झटकली, ओल्या फडक्याने घराघरातून बोट फिरवून पुसली. तेवढ्यात मुलगा आला.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग वडिलांना बाजूला नेलं.

"बाबा, तिने तीन रोपं उपटली. शब्द तुम्ही वाचलात."

"दुसरा होतच नाही. फिरवून बघ. लहव? वहल? होतो का काही?"

"तुम्ही आयुष्यभर अक्षरं जुळवलीत. तुम्हाला भिंतीच्या ओलीतसुद्धा मजकूर दिसेल."

जुळाऱ्याला राग आला नाही. मुलाचं चूक नव्हतं. "मग बघ तपासून," तो म्हणाला. "तिच्या कानात काहीतरी विचार. मला ऐकू येऊ देऊ नकोस. मला ठाऊक नाही असं काहीतरी."

त्यांनी तिला उशांना टेकवून बसवलं. रिकामी केस मांडीवर ठेवली. जुळारी दोन पावलं मागे उभा राहिला. मुलगा वाकला आणि आईच्या कानात बोलला. बराच वेळ काही झालं नाही. मग तिचा डावा हात उठला. लाकडावरून सरकत एका घरात गेला, तिथे टेकला. परत उठला. कोपऱ्यातल्या एका लहान घरात गेला आणि थांबला.

"त," जुळारी म्हणाला. "आणि दीर्घ उकार. तू." त्याने मुलाकडे बघितलं. "तू काय? काय विचारलंस?"

पन्नाशीला आलेला तो मुलगा खाटेच्या कडेला बसला.

"तुमचं भिंग कोणी फोडलं, असं विचारलं," तो म्हणाला.

"ते मांजराने फोडलं होतं."

मुलाने मान खाली घातली.

"चाळीस वर्षं झाली," जुळारी म्हणाला. "त्या मांजराला मी दोन दिवस दूध दिलं नव्हतं रे."

दारातून शिंपीण हसली आणि लगेच गप्प झाली. परतबाईच्या तोंडाची डावी कड किंचित वर गेली होती. ती आपोआप जात नसे.

"झालं समाधान?" जुळारी म्हणाला. त्याचा आवाज चढला होता, तरुण झाला होता. "तिला काय कळतंय म्हणत होतात ना सगळे? आता कर त्या केंद्राला फोन. सोमवारची खाट दुसऱ्या कोणाला द्या म्हणावं. ती इथे आहे. ती इथेच राहणार."

मुलगा आईकडे बघत होता. "आई," त्याने मोठ्याने विचारलं, "सकाळी तू हलव म्हणालीस. ते रोपांबद्दलच म्हणालीस ना?"

हात उठला. या वेळी तो केसच्या पलीकडच्या टोकाला गेला. खिडकीत केस होती तेव्हा त्या टोकापर्यंत तो पोचला नसता.

"म," जुळाऱ्याने वाचलं.

हात परत आला. "ल."

मग हात मधल्या मोठ्या घराकडे निघाला. सगळ्यात श्रीमंत घराकडे. तो तिथे पोचायच्या आधीच जुळाऱ्याला शब्द पूर्ण दिसला. सकाळचा मजकूर अर्धा होता. पहिला शब्द तिच्या हाताच्या टप्प्यातच नव्हता.

तिचं बोट कान्याच्या घरात टेकलं.

मुलगा वडिलांच्या तोंडाकडे बघत होता. शिंपीणही. घरांवर नावं लिहिलेली नव्हती. ती जागा जगात आता दोनच माणसांना वाचता येत होती, आणि त्यातल्या एकाला बोलता येत नव्हतं. जुळारी काहीही म्हणू शकत होता. बोट घसरलं म्हणू शकत होता. दमली आहे, उद्या विचारू म्हणू शकत होता. त्या उद्यात त्याचा हातखंडा होता.

ओळ भरत नव्हती.

"मला," जुळारी म्हणाला.

मुलाला क्षणभर कळलं नाही. मग कळलं.

"मला हलव," जुळाऱ्याने पुरं केलं. "असं होतं ते."

तो खाटेपाशी आला. "का?" त्याने तिला विचारलं. "माझं काही चुकलं का?"

तिने तीन घरं दाखवली. तो वाचत गेला. प. काना. ठ.

"कोणाची पाठ?" मुलाने विचारलं.

"माझी." त्याने सदरा खाली ओढला. "माझी पाठ ठणठणीत आहे. सांग तिला. आज दिवसभर डबे उचललेत मी."

तिचं बोट ख वर गेलं.

"आता काय म्हणतेय?"

"खोटं म्हणतेय," जुळारी म्हणाला. आणि तिथेच बसला, पट्ट्यामुळे ताठ, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. ती त्याला बघत होती, पूर्वी कमरेवर हात ठेवून केसकडे बघायची तशी. तिने मोजलं काहीच नव्हतं. उचलून बघितलं होतं.

सोमवारी गाडी आली. दोन माणसांनी तिला खुर्चीत बसवून तीन मजले खाली नेलं. वळणावर खुर्ची तिरकी झाली तेव्हा जिन्यातले डबे बाजूला सरकवावे लागले. अ‍ॅस्टर हलवून तीन दिवस झाले होते. रोपं अजून मान टाकून होती. जागा बदलली की पहिले काही दिवस ती तशी दिसतातच. ते घाबरण्यासारखं नसतं, हे तीच त्याला दर वर्षी सांगायची. या वेळी ते त्याने तिला सांगितलं. मागून केस काखेत धरून उतरताना, प्रत्येक पायरीला.

आता तो रोज दुपारी बस धरून तिकडे जातो. केस कापडी पिशवीत मावत नाही, एक टोक बाहेर राहतं. तिथल्या आया त्याला पेटीवाले आजोबा म्हणतात. एकीला वाटलं, आजोबा बाजा वाजवायला येतात. परतबाई फार बोलत नाही, पूर्वीही बोलत नव्हती. बोलते ते एवढंच, शेजारच्या खाटेवरची बाई घोरते. डाळीत मीठ नाही. खिडकी उत्तरेला आहे, तिथे काही उगवणार नाही. मुलगा सुट्टीच्या दिवशी येऊन घरं शिकतोय. त्याला अजून ब आणि व मधला फरक लागत नाही, आणि आई त्याची चूक धरायला टपलेली असते.

रोपं आता अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये वाढतात, केस मोकळी लागते म्हणून. परवा जुळाऱ्याने एक खळगा कापून पिशवीत घालून नेला. पिटुनिया होता. खऱ्या पानांच्या तीन जोड्या. त्याचा स्वतःचा अंदाज असा होता की वेळ झाली. वीस वर्षांत पहिल्यांदाच तो घाई करत होता. बाहेर ऊन उतरत होतं, भेटीची वेळ संपत आली होती. बसही सव्वासहाची शेवटची.

"बघ," तो म्हणाला. "हलवू का?"

तिने पान चिमटीत धरून रोप किंचित उचललं. सोडलं. मग केसमध्ये हात घातला. थ. काना. अनुस्वार. ब.

"थांब," त्याने वाचलं.

त्याने रोप पिशवीत ठेवलं. पिशवी खांद्याला लावली आणि उठायला गेला. तिचं बोट अजून ब च्या घरात होतं. तिने ते काढलं नव्हतं. मजकूर पुरा झाला की ती लगेच हात मागे घ्यायची. आयुष्यभराची सवय होती तिची.

आयाने दारातून घड्याळ दाखवलं.

हे रोपाला म्हणालीस की मला, असं त्याला विचारता आलं असतं. त्याने विचारलं नाही. पिशवी खाली ठेवली आणि खुर्ची खाटेजवळ ओढली.